ताईची जीभ आणि ओट्सच्या कुकीज

माझी लाँड्री आहे. लोकांच्या अंगावरचं, अंथरुणावरचं आणि ताटातून सांडलेलं सगळं माझ्या टेबलावर येऊन पडतं. त्यामुळे हिला आता कशाचीच किळस वाटत नसणार, अशी लोकांची गोड समजूत आहे. मला सगळ्याची किळस वाटते. म्हणूनच माझ्याकडचे कपडे स्वच्छ निघतात. ज्याला डाग बघून शिसारी येत नाही त्यानं या धंद्यात पडूच नये. तो डागासकट इस्त्री करून देतो.

पण मला आजवर सगळ्यात जास्त शिसारी आली ती माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं घरी भाजलेल्या ओट्सच्या कुकीजची. हलक्या, कमी साखरेच्या, कमी लोण्याच्या, प्रथिनांनी भरलेल्या. असं कौतुकानं सांगतात लोक. खाऊन बघा म्हणजे कळेल.

ताईची गोष्ट सांगायची तर तिच्या जिभेपासून सुरुवात करावी लागते. ती बिस्किटांच्या कारखान्यात चव घेण्याच्या खोलीत काम करते. शाळा सोडली तेव्हा डबे भरायला लागली होती. एके दिवशी तिनं सुपरवायझरला सांगितलं की आजच्या मालात मीठ दोनदा पडलंय. त्यांनी तपासलं तर खरंच दोनदा पडलं होतं. तेव्हापासून तिला त्या खोलीत बसवलं ते आजतागायत. कारखान्यात तिला नावानं कुणी हाक मारत नाही. "जीभ आली का?" असं विचारतात. नवा साहेब आला की त्याला आधी वाटतं, ही काहीतरी चेष्टा आहे. मग ताई आपली पांढरी टोपी नीट करत आत येते, आणि साहेब उगाच घसा खाकरतो.

मी ती खोली एकदा पाहिली आहे, परत पाहायची इच्छा नाही. पांढरं लांब टेबल, त्यावर कोमट पाण्याचे पेले, आणि प्रत्येकीच्या पायाशी एक स्टीलची बादली. बायका ओळीनं बसलेल्या. बिस्कीट तोडायचं, चावायचं, जिभेवर फिरवायचं, बादलीत थुंकायचं, चूळ भरायची, ती पण थुंकायची, मग गुण द्यायचे. कुरकुरीतपणाचे वेगळे, गोडीचे वेगळे, वासाचे वेगळे. गिळायचं नाही. गिळलं तर पुढच्या बिस्किटाची चव नीट कळत नाही, आणि दिवसभर गिळत राहिलं तर माणूस कामाचाच राहत नाही. सगळ्या कशा शांतपणे, एकमेकींशी घरच्या गप्पा मारत थुंकत होत्या. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. दुपारचं जेवले नाही.

"तुला कसंतरी नाही होत?" मी तिला विचारलं होतं.

"काय व्हायचंय त्यात? मी काय खाते थोडीच? मी चव घेते."

या नोकरीपायी तिचं सगळं घर बेचव झालं. कामावर जायच्या आधी कांदा नाही, लसूण नाही, तिखट नाही, अत्तर नाही. सुवासिक साबणसुद्धा नाही. तिच्या हातचं जेवण म्हणजे दवाखान्यातलं. आणि घरी स्वतः एकही बिस्कीट तोंडात घालायची नाही. कारखान्यातून फुटक्या मालाच्या पिशव्या मिळायच्या त्या सगळ्या भाऊजींच्या.

भाऊजी म्हणजे तिचा नवरा, बसड्रायव्हर. एके काळी दार भरून जाईल असा माणूस होता. आवाज मोठा, पोट मोठं, हसणं मोठं. बसमध्ये सीटच्या बाजूला चहाचा थर्मास आणि बिस्किटांची पिशवी नसेल तर गिअर पडत नाही म्हणायचे. "हिनं थुंकायचं आणि मी गिळायचं, असा आमचा संसार," हा त्यांचा विनोद आम्ही इतक्यांदा ऐकला होता की तो सुरू झाला की मी उठून आत जायचे. ताई मात्र दर वेळी हसायची. नवराबायकोचं काय असतं ते बाहेरच्यानं बोलू नये.

मग त्यांचा खुबा गेला. इतकी वर्षं एकाच अंगानं बसून सांधा झिजला होता, आणि त्यातच पोटाचं मोठं दुखणं निघालं. दुखणं बरं झालं, पण माणूस अर्धा करून गेलं. दंडाची कातडी रिकाम्या बाहीसारखी लोंबायला लागली. चालणं बंद झालं. पलंग बाहेरच्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारासमोर आणून ठेवला, म्हणजे ताईला येता-जाता लक्ष ठेवता येईल. कूस बदलणं, पुसणं, भांडं देणं, सगळं ताई करायची. कामावर जायच्या आधी करायची, आल्यावर करायची. दुपारी जवळच राहते म्हणून मी एक चक्कर मारायची.

सर्जननं स्पष्ट सांगितलं. सांधा बदलता येईल, चालायलाही लागतील, पण अंगावर मांस नसलेल्या माणसाला मी कापणार नाही, जखम भरायची कशी? वजन वाढवा, प्रथिनं वाढवा. साखर वाढलेली आहे, ती सांभाळा. यकृत नाजूक झालंय, लोणी-तूप बेतानं. पुढच्या दोन तपासण्यांत फरक दिसला तर ऑपरेशन, नाहीतर मग आहेत तसे पलंगावर. हे शेवटचं वाक्य तो खिडकीकडे बघत बोलला.

आणि भाऊजी खाईनात. अंडं समोर आणलं की तोंड फिरवायचे. डाळीचं पाणी म्हणजे फरशी पुसलेलं पाणी. शेजारी एक व्यायामवाली राहते, घट्ट कपडे घालून जिन्यावरून वर-खाली धावते. तिनं प्रथिनांच्या पावडरीचा एक भलामोठा डबा आणून दिला. ती दुधात घालून दिली तर भाऊजींनी एक घोट घेतला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी तो पेला हुंगला. गोड वासाच्या फिनेलमध्ये खडू कालवावा तसा प्रकार होता. त्यांना मी दोष देणार नाही.

"बिस्कीट दे," एवढंच म्हणायचे. "चहाबरोबर दोन बिस्किटं दे, बाकी काही नको."

बिस्किटात साखर आणि लोणी यांशिवाय असतं काय? पण ताईच्या डोक्यात शिरलं की आपण इतकी वर्षं बिस्किटांचे गुण देतोय, तर आपल्याला एक बिस्कीट करता येऊ नये? साखर-लोणी काढायचं, प्रथिनं घालायची, ओट्स घालायचे, आणि बिस्कीट म्हणून ह्यांच्या गळी उतरवायचं. तिनं हप्त्यावर ओव्हन आणला. मी म्हटलं, हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस. चव ओळखणं वेगळं आणि चव आणणं वेगळं. तिनं ऐकलं नाही. ती माझं कधीच ऐकत नाही, मी धाकटी आहे ना.

पहिला घाणा. लोणी अजिबात नाही, साखर अजिबात नाही, व्यायामवालीची पावडर दोन मुठी. लोणी काढलं की कुकीचा जीव जातो, आणि साखर काढली की ती पसरत नाही, हे तेव्हा आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. गोळे जसे ठेवले तसेच भाजून बाहेर आले. ती पावडर सगळं पाणी पिऊन बसली होती. मी एक तोंडात घातला. सगळी लाळ गेली आणि जीभ टाळूला चिकटली. बोलताच येईना. ताईला त्या दिवशी तेवढीच काय ती करमणूक झाली.

दुसऱ्या वेळी लोण्याऐवजी केळं कुस्करून घातलं. ते बाहेरून काळं झालं आणि आतून चिकट राहिलं, गमबुटाच्या तळाला चिखल लागतो तसं. तिसऱ्या वेळी अंड्याचा पांढरा भाग जास्त झाला. ओव्हन उघडला आणि ओल्या कोंबडीचा वास घरभर पसरला. तो माझ्या ओढणीला बसला, दोनदा धुतली तेव्हा गेला. मग शेंगदाण्याचं पीठ, मग दुधाची पावडर, मग उकडून वाटलेले चणे. चण्यांच्या कुकीज खाऊन व्यायामवाली म्हणाली, "वॉव, किती हेल्दी." उरलेली अर्धी कुकी तिनं हातात धरून नेली आणि जिन्यातल्या कुंडीत टाकली. मी वरून बघत होते.

पण ताई मागे हटणारी नव्हती. कामावरून यायची, भाऊजींचं सगळं करायची, हात कोपरापर्यंत साबणानं धुवायची, आणि ओव्हनपुढे उभी राहायची. हळूहळू तिला त्यातलं कळायला लागलं. ओट्स अर्धे जाडसर दळायचे, अर्धे तसेच ठेवायचे, आणि आधी दह्यात मुरू द्यायचे, म्हणजे ते नंतर तोंडातलं पाणी ओढत नाहीत. लोणी चमचाभर, बाकी ओलावा शिजवलेल्या सफरचंदाच्या गराचा. अंड्याचा पांढरा भाग फेसून घ्यायचा म्हणजे हलकेपणा येतो. पावडर थोडीच, चणे थोडेच, कुणा एकाचा वास वर यायला नको. गोळा पसरत नाही, तर ओल्या बोटांनी आपणच चपटा करायचा. आणि मधे मऊ असतानाच बाहेर काढायच्या, गार होताना आपोआप घट्ट होतात.

एवढं करून जी कुकी निघाली ती दिसायला कुकीसारखी होती. चवीला ओलसर पुठ्ठा. मी लाँड्रीवाली आहे, कॉलरला घालायचा पुठ्ठा माझ्या दातांत बऱ्याचदा असतो, मला माहीत आहे.

"छान झाल्यात," ताई म्हणाली, आणि तीन कुकीज बशीत घालून भाऊजींपुढे ठेवल्या.

"ठेव तिथं," भाऊजी म्हणाले. "खातो सावकाश."

थोड्या वेळानं बशी रिकामी. दुसऱ्या दिवशीही रिकामी. ताईच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. कारखान्यात सगळ्यांना सांगून आली. सर्जनलाही सांगणार होती.

तपासणीला नेलं, खुर्चीच्या काट्यावर बसवलं, तर वजन वाढायचं सोडाच, आणखी उतरलं होतं. ताई म्हणाली काटा बिघडलाय. दुसऱ्या काट्यावर बसवलं. दोन्ही काटे एकदम कसे बिघडतील? सर्जननं कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, आता एकच तपासणी राहिली. घरी येऊन ताईनं पावडर वाढवली आणि तीनच्या चार कुकीज केल्या. बशी रिकामीच परत येत होती.

त्यांच्या घरचे कपडे माझ्याकडेच येतात. त्या आठवड्यात ताईला कामावर जायची घाई होती. तिनं पलंगावरचं सगळं ओढून पिशवीत कोंबलं आणि मला देऊन गेली. मी दुकानात पिशवी उपडी केली. चादर, पांघरूण, उशीचा अभ्रा. अभ्रा जड लागला. हात घातला आणि बोटं कशात तरी मऊ, ओलसर, बुळबुळीत गोष्टीत रुतली.

कुकीज होत्या. अभ्र्याच्या कोपऱ्यात डोक्याच्या वजनानं चेपून लगदा झालेल्या, काहींना हिरवी-करडी बुरशी आलेली, आणि त्यातून मुंग्यांची रांग निघून माझ्या मनगटावर चढत होती. आंबलेल्या दह्याचा वास. मी हात झटकला, तो लगदा एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टावर जाऊन पडला. उमासे येऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी काय काय धुतलंय ते सांगत नाही, पण असा हात मी कधी घासला नव्हता. आणि या माणसाचं डोकं रोज त्यावर टेकलेलं.

दुकान बंद करून तशीच गेले. ताई कामावर होती. भाऊजींनी माझ्या हातातला अभ्रा पाहिला आणि डोळे मिटले.

"डोळे काय मिटताय?" मी म्हटलं. "हे काय आहे? लाज नाही वाटत? ती बिचारी उभ्यानं राबते आणि तुम्ही हे उशीत भरताय?"

"थोड्या या उशाच्या खिडकीतून टाकल्या," ते म्हणाले. "मांजर खाईना."

"विनोद नकोत, भाऊजी. ऑपरेशन नाही झालं तर या पलंगावरच कुजायचंय तुम्हाला. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग? आवडत नाही तर आवडत नाही म्हणायचं. मलाही नाही आवडत. मी काय उशीत भरते?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बोट केलं. पलंगावरून सरळ बेसिन दिसत होतं.

"ती तिथं उभी राहते. ओव्हनमधून काढलेली कुकी तोडते, चावते, आणि बेसिनमध्ये थुंकते. मग चूळ भरते, ती थुंकते. मग माझ्यापुढं बशी आणून ठेवते आणि म्हणते छान झाल्यात."

"अहो, ती तर सवयच आहे तिची. कारखान्यात दिवसभर तेच करते."

"कारखान्यातलं कारखान्यात. घरी ती कधी माझ्यासमोर थुंकली नव्हती. आणि हल्ली बघ, माझं भांडं नेऊन ठेवते, साबणानं हात धूत राहते, धूत राहते, आणि लगेच तिथंच उभी राहून थुंकते." ते छताकडे बघत बोलत होते. "तिला माझी किळस यायला लागलीय, धाकटे. मला तरी कुठं माझी येत नाही? पण तिची किळस बशीत घालून मला भरवू नका. त्यापेक्षा पडून राहतो."

मी अभ्रा हातात घेऊन उभी होते आणि मला त्या माणसाचा राग यायचा थांबला नव्हता. एक तर घाण लपवायची, आणि वर असलं काहीतरी बोलून समोरच्याला गप्प करायचं.

ताई आली तेव्हा मी तिला जिन्यातच गाठलं. अभ्रा दाखवला. तिचा चेहरा उतरला. मग भाऊजी काय म्हणाले ते सांगितलं, सगळं सांगितलं. अशा गोष्टी गाळून सांगितल्या की त्या आतल्या आत सडतात.

"मी थुंकते?" ताई म्हणाली.

"थुंकतेस."

"घरी?"

"माझ्यासमोर कितीदा थुंकली आहेस. मला वाटलं तुला माहीत आहे."

तिला खरंच माहीत नव्हतं. तिचा हात आपोआप तोंडाकडे गेला. जित्याची खोड म्हणतात ती ही. ती इतकी वर्षं इमानानं कारखान्याचं काम करत होती, त्या कामानं तिला विचारलंसुद्धा नाही आणि तिच्या मागोमाग घरात शिरलं. मला त्या कारखान्याची, त्या बादल्यांची, जिभेला पगार देऊन घशाला कुलूप लावणाऱ्या त्या सगळ्या कारभाराची घृणा वाटली.

ताई घरात गेली. चपला काढल्या, हात धुतले नाहीत. स्वयंपाकघरातल्या डब्यातून एक कुकी घेतली आणि थेट पलंगावर, भाऊजींच्या अंगाला अंग लावून बसली. भाऊजी भिंतीकडे सरकायला लागले.

"सरकू नका," ती म्हणाली. "बघा इकडं."

तिनं घास तोडला. चावला. चावत राहिली. तोंडातला घास या गालातून त्या गालात फिरत होता, आणि घसा काही त्याला वाट देत नव्हता. मान पुढे जायची, परत मागे यायची. डोळे लाल झाले, नाकातून पाणी आलं. एकदा ती अर्धी उठली, बेसिनकडे बघितलं, आणि स्वतःच पलंगाची कड धरून परत बसली. मी दारात उभी होते. मला बघवेना, आणि हलताही येईना. शेवटी गळ्यातली शीर ताठ झाली आणि घास खाली गेला. तिनं तोंड उघडून भाऊजींना दाखवलं, आजारी मुलाला औषध दिलं की दाखवायला लावतात तसं.

"कोरडेपणा," ती धापा टाकत म्हणाली, "कोरडेपणाला दहापैकी चार. वासाला..."

"गुण नकोत," भाऊजी म्हणाले. "कशी आहे?"

मला नाही वाटत आजवर कुणी तिला असं विचारलं असेल. तिला सगळ्यांनी किती आहे ते विचारलं होतं, कशी आहे ते नाही.

"घाण आहे," ती म्हणाली.

"आहे ना?"

"घाण आहे. पहिल्या दिवसापासून घाण आहे. पुठ्ठा आहे नुसता. पण मला याहून चांगली येत नाही, आणि तुम्हाला उभं करायचंय मला. तुमचं भांडं उचलताना मला काही होत नाही हो. हे गिळताना होतं."

भाऊजींच्या छातीतून एक विचित्र आवाज निघाला. मला वाटलं रडतात की काय, पण ते हसत होते. ते जुनं मोठं हसणं नव्हे, त्याचं हाड तेवढं शिल्लक होतं. त्यांनी तिच्या हातातली उरलेली, तिच्या दातांनी तुटलेली, तिची लाळ लागलेली उष्टी कुकी घेतली आणि तोंडात टाकली. मी म्हटलं होतं मला सगळ्याची किळस वाटते. त्या वेळी ती कुठं गेली होती मला सांगता येणार नाही.

"शी," ते चावत म्हणाले. "पावडर वाढवलीस?"

"दोन चमचे."

"म्हणूनच. मांजरसुद्धा खाईना ते बरोबर आहे."

त्या दिवसापासून रोज चार वाजता दोघं बसायची. ताईनं कामाची पाळी बदलून घेतली. तिची एक, भाऊजींच्या तीन. दोघं तोंडं वाकडी करून चावायची आणि त्या कुकीला शिव्या घालायची. आज ओल्या पोत्याची चव आहे. आज रबर बरं आहे. आज वास कसला येतोय, चण्याचा की तुमच्या मोज्यांचा? ताईला प्रत्येक घास जड जायचा, तो काही सोपा झाला नाही. पण बेसिनपाशी ती परत गेली नाही. आणि घरच्या त्या शिव्यांवरून तिनं कृतीही बदलली. पावडर पार काढली, डबा व्यायामवालीला परत दिला. कुकी थोडी बरी झाली. थोडीच.

शेवटच्या तपासणीला सर्जननं काट्याकडे पाहिलं, भाऊजींचा दंड दाबून पाहिला आणि तारीख दिली.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो. हॉस्पिटलचा तो वास, औषधांचा आणि कुणाच्या तरी ओकारीवर टाकलेल्या फिनेलचा. माझं डोकं दुखायला लागलं होतं. ताईनं पर्समधून डबा काढला.

"आता कशाला?" मी म्हटलं. "ते आत आहेत. त्यांना कुठं खायचंय?"

"चार वाजलेत," ती म्हणाली.

तिनं आपली एक खाल्ली. तीच ती कसरत, मान पुढं, डोळ्यांत पाणी. मग डब्यातून दुसरी काढली.

"अगं, ही त्यांची ना?"

"त्यांना आज उपाशी ठेवलंय. त्यांच्या वाटणीच्या राहतील."

यात काही अर्थ नव्हता. कुणी कुणाच्या वाटणीचं मांस अंगावर चढवू शकत नाही, हे ताईला मी सांगायची गरज नव्हती. मी सांगितलंही नाही. ती दुसरी चावत होती, गाल भरलेला, कपाळावर घाम, आणि तेवढ्यात समोरचं दार उघडून सर्जन बाहेर आला. ताई ताडकन उभी राहिली. तोंडात घास होता. बाकाच्या शेजारीच कचऱ्याची बादली होती, बिनझाकणाची, स्टीलची. सर्जन आमच्याकडे चालत येत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तिला विचारायचं होतं, आणि तोंड रिकामं नव्हतं.

तिनं बादलीकडे बघितलंसुद्धा नाही. माझा हात घट्ट धरला, मान पुढं केली आणि गिळलं. मग विचारलं, "कसे आहेत?"

"चांगलं झालं," सर्जन म्हणाला. "शुद्धीवर येताहेत. भूक लागलीय म्हणतात."

ताई बाकावर बसली. डब्यात दोन कुकीज उरल्या होत्या. तिनं झाकण लावलं, डबा पर्समध्ये ठेवला आणि हातानं तोंड पुसलं.